नाशिकच्या वाऱ्यात फ्रीस्टाइल आणि बग्गीसाठी एकच पॉवर काइट निवडताना

संक्रांत आटोपली की पॉवर काइटविषयी विचारणा करणारे निरोप मला येऊ लागतात आणि त्यांतला प्रश्न बहुधा एकच असतो: मैदानात उभे राहून फ्रीस्टाइल, म्हणजे पतंगाच्या कसरती आणि उड्या, करायला आणि तीनचाकी बग्गी ओढायलाही चालेल असा एकच पतंग घ्यायचा झाला, तर कोणता घ्यावा? प्रश्न रास्त आहे. पतंग, दोऱ्या, हँडल, हेल्मेट आणि बग्गी असा पूर्ण संच परदेशातून मागवायचा म्हटले तर खर्च मोठा होतो आणि दोन वेगळे पतंग सुरुवातीलाच घेणे फारच थोड्यांना परवडते. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. नाशिकमध्ये उडवणार असाल, तर बग्गीला मानवेल असा पतंग घ्या आणि फ्रीस्टाइल त्याच्यावर शिका. उड्यांसाठी नावाजलेला पतंग घेऊन त्यालाच पुढे बग्गी जोडू, हा विचार मात्र इथल्या वाऱ्यात करू नका. असे मी का म्हणतो, ते जरा सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

ज्यांनी हा प्रकार जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. पॉवर काइटमध्ये कामट्या नसतात. रिपस्टॉप नायलॉनच्या किंवा पॉलिस्टरच्या दोन थरांमध्ये उभे पडदे शिवून कप्पे केलेले असतात, कप्प्यांची तोंडे पुढच्या कडेला उघडी असतात, आणि त्यांतून आत शिरलेल्या वाऱ्याच्या दाबाने कापड फुगून पंखाचा आकार घेते. ही रचना अमेरिकेतील डॉमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात विकसित केली आणि आजचे पॅराग्लायडरही त्याच तत्त्वावर उडतात. कापडाखालच्या बारीक दोऱ्यांच्या जाळ्याला, म्हणजे या पतंगाच्या मंगळसूत्राला, चार दोऱ्या जोडतात. वरच्या दोन ओढ झेलतात आणि खालच्या दोन ब्रेकचे काम करतात. पतंगाने गाडी ओढण्याची कल्पना याहून कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे शाळामास्तर जॉर्ज पोकॉक यांनी पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट १८२६ मध्ये घेतले होते आणि त्यांचे पतंगही चार दोऱ्यांनीच वळवले जात. जमिनीलगत बसून पुढचे चाक पायांनी वळवायची आजची बग्गी न्यूझीलंडचे पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास रूढ केली.

आता मुख्य मुद्दा. बग्गीत बसलेल्या माणसाला वाऱ्याला आडवे जायचे असते आणि फिरून निघाल्या जागी परतही यायचे असते. त्यासाठी पतंग वाऱ्याच्या पटाच्या, म्हणजे आपल्यासमोरच्या ज्या भागात तो उडू शकतो त्या भागाच्या, अगदी कडेपर्यंत पुढे सरकला पाहिजे, तिथे कमी उंचीवर न डगमगता टिकला पाहिजे आणि त्याची ओढ पुढच्या दिशेला जास्त व बाजूला कमी असली पाहिजे. बाजूची ओढ वाढली की मागची चाके घसरू लागतात आणि प्रत्येक फेरीगणिक आपण वाऱ्याच्या दिशेने खाली वाहत जातो. मग बग्गी ओढत, पायी चालत मूळ जागी यावे लागते. वर उचलणारी ओढ तर बग्गीत अजिबात नको असते. दिशा बदलताना पतंग डोक्यावरून पलीकडे न्यावा लागतो आणि नेमक्या त्या क्षणी त्याने जोराने वर उचलले, तर माणूस आसनातून बाहेर फेकला जातो.

फ्रीस्टाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली येतात आणि निवड करताना त्यांची गल्लत होते. पहिली गोष्ट म्हणजे जमिनीवर राहून केलेले काम: पतंग उलटा मागे उडवणे, ब्रेकवर हवेत जागच्या जागी थांबवणे, स्वतःच्या आसाभोवती गरगर फिरवणे, मागच्या कडेवर अलगद उतरवून पुन्हा तिथूनच उचलणे आणि ओढीवर मागे रेलून तळव्यांनी घसरत जाणे. दुसरी गोष्ट म्हणजे उडी. उडीसाठी पतंगाने डोक्यावर येताच ठामपणे वर खेचले पाहिजे, माणसाला हवेत थोडा वेळ तोलून धरले पाहिजे आणि उतरताना मऊ उतरवले पाहिजे. पहिल्या प्रकारासाठी पतंग चपळ आणि ब्रेकला तत्काळ दाद देणारा असला की पुरते. दुसऱ्या प्रकारासाठी लागणारी वर उचलण्याची ताकद ही नेमकी तीच ताकद आहे, जी बग्गीत घातक ठरते. म्हणून दोन्ही कामांचा मेळ घालायचा, तर उडीचा हट्ट सोडावा लागतो, आणि तो सोडूनही फ्रीस्टाइलचा फार मोठा भाग हाती राहतो.

उडी सोडायचे दुसरे कारण आपली जमीन आणि आपला वारा. समुद्रकिनाऱ्यावर पाण्यावरून येणारा वारा सलग असतो, कारण वाटेत त्याला अडवणारे काही नसते. नाशिकला वारा पोहोचतो तो सह्याद्रीच्या रांगा ओलांडून. पश्चिमेला अंजनेरी, ब्रह्मगिरी आणि त्यांच्या मागेपुढे पसरलेले डोंगर असल्यामुळे पावसाळ्यातला जोरकस वारासुद्धा एकसारखा येत नाही. तो थबकतो, वळतो आणि अचानक दुप्पट होऊन अंगावर येतो. मार्च ते मे या काळात दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे स्तंभ उठतात, त्यांच्यामुळे दिशा क्षणाक्षणाला बदलते, आणि मोकळ्या शेतांतून वावटळी फिरताना दिसतात. वावटळीत सापडलेला पतंग माणसाला कुठेही नेऊ शकतो. त्या काळात मी संध्याकाळपर्यंत थांबतो आणि पश्चिमेचा वारा बऱ्यापैकी स्थिरावल्यावरच दोऱ्या उलगडतो. हिवाळ्यात प्रश्न उलटा असतो, वारा अनेकदा इतका मंद असतो की लहान पतंग उचललाच जात नाही.

या साऱ्याचा पतंगाच्या निवडीशी थेट संबंध आहे आणि तो आकड्यांत मांडला म्हणजे नीट कळतो. पतंगावरची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा ताशी २० किलोमीटरवरून ३० झाला, तर वेग दीडपट होतो, पण ओढ सव्वादोन पट होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणून काही जण थोडा मोठा पतंग घ्यावा असे सुचवतात. वाऱ्याच्या अचानक झोतात सव्वादोन पट होणाऱ्या ओढीपुढे या पाच-सहा टक्क्यांना काही किंमत नाही. पतंगाचे माप विरळ हवेवरून न ठरवता झोतावरून ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा. ३ चौरस मीटरचा पतंग ताशी २० किलोमीटर वाऱ्यात जागच्या जागी उभा आहे आणि त्याचा उचल-गुणांक, म्हणजे पंख किती उचल देतो ते सांगणारा आकडा, १ आहे असे धरले, तर त्यावरचे बल साधारण साडेपाच किलो वजनाइतके येते. ऐकून वाटते, एवढेच? पण हा पतंग एका जागी राहत नाही. तो वाऱ्याच्या पटाच्या मध्यातून झेपावत गेला आणि त्याला स्वतःच्या वेगामुळे जाणवणारा वारा तिप्पट झाला, तर बल नऊपट होऊन पन्नास किलोच्या आसपास जाते. ‘तीन मीटर म्हणजे लहानच आहे’ असे समजून पाच मीटरचा पतंग मागवणाऱ्यांनी हे गणित कागदावर एकदा स्वतः करून पाहावे. साठ ते ऐंशी किलो वजनाच्या माणसाला नाशिकच्या वाऱ्यात पहिला पतंग म्हणून ३ चौरस मीटर पुरेसा आहे. वजन याहून कमी असेल तर अडीच. बग्गी धावू लागली की तिच्या वेगामुळेही पतंगाला लागणारा वारा वाढतो, त्यामुळे कडक जमिनीवर हा लहान वाटणारा पतंगही बग्गी व्यवस्थित ओढतो. मऊ वाळूत किंवा गवतात मात्र चाके रुतल्यामुळे अधिक ताकद लागते, हे लक्षात असू द्यावे.

आता आकाराबद्दल. पतंगाची लांबी आणि रुंदी यांच्या गुणोत्तराला या खेळात आस्पेक्ट रेशो म्हणतात. हे गुणोत्तर जास्त असलेले, लांबट आणि अरुंद पतंग वेगवान असतात, पटाच्या कडेला अधिक पुढे जातात, आणि म्हणून शर्यतीच्या बग्गीला तेच लावतात. पण वारा क्षणभर पडला की ते पुढे झेपावतात, त्यांची टोके आत दुमडतात, आणि वारा परत भरला की झटक्यासरशी उघडतात. तो झटका हँडलमधून सरळ खांद्यांना बसतो. गुणोत्तर कमी असलेले आखूड, रुंद पतंग सावकाश वागतात, चुका पोटात घालतात, पण कडेला मागे राहतात आणि बग्गीत बाजूला खेचतात. आपल्याला हवा आहे तो मधला. साडेतीनच्या आसपासचे गुणोत्तर, उघड्या तोंडाचे कप्पे आणि टोकाशी थोडा गोलावा असलेला पतंग इथल्या तुटक वाऱ्यात दुमडत नाही आणि बग्गीलाही न्याय देतो.

नावे घ्यायची, तर एचक्यू कंपनीचा बीमर आणि पीकेडीचा बस्टर हे शांत स्वभावाचे, शिकणाऱ्याला धरून चालणारे पतंग आहेत. फ्लेक्सिफॉइलचा ब्लेड आणि पीटर लिनचा रिॲक्टर यांची ख्याती वर उचलण्याच्या ताकदीबद्दल आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण पहिला आणि एकुलता पतंग म्हणून नाशिकमध्ये मी ते कोणाला सुचवणार नाही. ओझोनचा मेथड बग्गीच्या अंगाने बनवलेला आहे आणि हात बसल्यावर तो फार समाधान देतो. कंपन्या दर काही वर्षांनी आवृत्ती बदलतात आणि त्याबरोबर पतंगाचा स्वभावही बदलतो, तेव्हा केवळ नावावर न जाता त्या आवृत्तीचे गुणोत्तर आणि वाऱ्याची सांगितलेली मर्यादा पाहावी.

बारवर, म्हणजे दोऱ्या जोडलेल्या आडव्या दांडीवर, उडवायचा, वाऱ्याशी असलेला कोन बदलून ओढ कमी करता येणारा डिपॉवर पतंग सरळ का घेऊ नये, असेही विचारले जाते. बग्गीपुरते पाहिले तर तो उत्तमच आहे, झोत आला की बार सैल सोडायचा आणि ओढ उतरते. पण फ्रीस्टाइलचा जो भाग मी वर सांगितला, म्हणजे उलटे उडवणे, ब्रेकवर थांबवणे, गरगर फिरवणे, त्याला दोन्ही हातांत स्वतंत्र हँडल आणि ब्रेकवर पूर्ण ताबा लागतो. दोन्ही कामे एकाच पतंगाने करायची असल्यामुळे मी हँडलवरच्या चार दोऱ्यांच्या पतंगाच्या बाजूने आहे.

ब्रेकचे मोल मला सर्वांत नीट दाखवले ते माझ्या येवल्याच्या मामांनी. येवल्याला भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगांचे असतात आणि मामांचे हात त्याच आकाशात तयार झालेले आहेत. गंगापूर धरणाचे पाणी मागे सरल्यावर उघड्या पडलेल्या सपाट जागेत मी त्यांच्या हाती हँडल दिले. पतंग मागच्या कडेवर बसलेला होता. मामांनी हँडल वर घेताच आधी मधले कप्पे भरले, मग दोन्ही बाजूंना फडफड करत टोके उघडली आणि पतंग सरळ वर गेला. वाऱ्याचा पहिला झोत आला तशी त्यांची बोटे सवयीने सैल होऊ लागली, मांजा सोडताना होतात तशी. पण इथे सोडायला दोरी नव्हती.

“अरे, याला ढील द्यायची कुठून?” मामा ओरडले.

“मामा, ढील नाही. हँडलची खालची टोकं अंगाकडे घ्या.”

त्यांनी टोके आत घेतली. पतंगाच्या मागच्या कडेवर एक आडवी सुरकुती उमटली, ओढ एकदम उतरली, आणि पाठीमागे सरकत सरकत पतंग होता त्याच जागी जमिनीला टेकला. मामांनी लगेच दुसरा प्रश्न विचारला: “आणि हातातून सुटलाच तर?” तेव्हा मी त्यांना मनगटावरचे पट्टे दाखवले. या पट्ट्यांना काइट किलर म्हणतात आणि त्यांची दोरी ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेली असते. हँडल सोडून दिली की सगळा भार ब्रेकवर येतो, कप्प्यांतली हवा निघते आणि पतंग फडफडत खाली पडतो. कागदी पतंगाच्या खेळात वाढलेल्या प्रत्येकाच्या हाताला ढील द्यायची सवय असते, म्हणून मी आग्रहाने सांगतो की पहिल्या दिवशी पतंग वर चढवण्याआधी जमिनीवरच हँडल सोडायचा सराव करावा. मामांच्या जुन्या हाताचा फायदाही लगेच दिसला. वारा पडत असल्याचे त्यांना दोरीतून माझ्याआधी कळत होते आणि ते दोन पावले मागे जाऊन पतंग सावरत होते. येवल्याच्या तरबेज पतंगबाजाला हा खेळ नवख्यापेक्षा लवकर येईल, याची मला खात्री आहे.

वापरलेला पतंग मिळत असेल तर अवश्य विचार करा, कारण या पतंगांचे आयुष्य वर्षांपेक्षा उन्हावर अवलंबून असते. कापड उजेडासमोर धरून बारीक छिद्रे पाहावीत. त्यावर तोंड टेकवून फुंकर मारावी. हवा सहज आरपार गेली तर कापडाचा लेप संपला आहे आणि पतंग नीट फुगणार नाही. कापड हातात कुरकुरीत लागले पाहिजे, मऊ पडलेले नको. त्यानंतर चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून, सारख्या ताणून, त्यांची लांबी जुळते का ते तपासावे. वरच्या दोन दोऱ्या जास्त भार घेत असल्यामुळे कालांतराने लांबतात, मग ब्रेक कायम थोडे लागलेले राहतात आणि पतंग मंद, मागे ओढणारा वाटतो. अनेक जण असा पतंग वाईट म्हणून विकून टाकतात, प्रत्यक्षात काम फक्त दोऱ्या सारख्या करण्याचे असते. लांबी २० मीटरच्या आसपास असावी. दोऱ्या डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्याच घ्याव्यात. त्या फारशा ताणत नाहीत आणि एकमेकींवर गुंडाळल्या गेल्या तरी सरकतात, त्यामुळे गरगर फिरवलेला पतंगही ताब्यात राहतो. मात्र हा धागा उष्णतेला कच्चा आहे, साध्या मांज्याशी घासला तरी घर्षणाने तुटू शकतो, म्हणून संक्रांतीच्या दिवसांत वस्तीजवळ तो उघडूच नये. नायलॉन मांज्याचा तर प्रश्नच नाही, राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे.

जागेबद्दल दोन गोष्टी. गोल्फ क्लबचे, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान मोकळे दिसते, पण तिथे चालायला येणारी माणसे आणि खेळणारी मुले असतात; ताणलेली डायनीमाची दोरी त्वचा कापते, त्यामुळे तिथे पॉवर काइट उघडणे गैर आहे. देवळालीच्या बाजूचे विस्तीर्ण माळ तोफखान्याच्या सरावाचे आहेत, गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टर उडतात आणि ओझरला विमानतळ आहे, हे तिन्ही परिसर पूर्ण टाळावेत. १९३४ च्या विमान कायद्याने विमानाची जी व्याख्या केली तिच्यात पतंगाचाही समावेश होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नांदूर मध्यमेश्वरचा परिसर पक्ष्यांचा आहे आणि राज्यातले पहिले रामसर स्थळ आहे, तिथेही नको. उरतात ती उन्हाळ्यात उघडी पडणारी धरणांची पात्रे. तिथे जाताना ती जमीन कोणाच्या गाळपेरीत आहे का, हे आधी गावात विचारावे, उभ्या पिकात दोरी जाऊ देऊ नये आणि द्राक्षबागांच्या तारा व विजेच्या वाहिन्या यांच्यापासून भरपूर अंतर ठेवावे. बग्गी आणण्याआधी सगळी जागा एकदा पायी चालून पाहावी, कारण वाळलेल्या काळ्या मातीच्या भेगांत पुढचे चाक अडकते आणि वरून सपाट दिसणारा गाळ आतून ओला असू शकतो. सलग, कडक आणि रुंद वाळू हवी असेल तर ओहोटीच्या वेळी पालघर जिल्ह्यातला बोर्डीचा किनारा उत्तम आहे, मात्र किनाऱ्यावर चाके नेण्याबाबत स्थानिक परवानगी आधी विचारून घ्यावी.

एक पूर्ण हंगाम ३ मीटरवर गेला, ब्रेक हाताला बसले आणि वाऱ्याला तिरके जात बग्गी निघाल्या जागी परत आणता येऊ लागली, की दुसऱ्या पतंगाचा विचार करायला हरकत नाही. तो हिवाळ्यातल्या मंद वाऱ्यासाठी असावा, पाच चौरस मीटरच्या आसपासचा आणि शक्यतो त्याच कंपनीच्या त्याच मालिकेतला, म्हणजे ब्रेकचा अंदाज बदलत नाही. हार्नेस, म्हणजे कमरेचा पट्टा, आणि दोन्ही हँडलांना जोडणारी स्ट्रॉपची दोरी तेव्हाच घ्यावी, आधी नको. हाताने ओढ झेलण्याची मर्यादा अंगाला कळण्याआधी कमरेला पतंग बांधणे धोक्याचे आहे. पाच मीटरच्या पतंगाबरोबर वाऱ्याचा वेग मोजायचे छोटे यंत्र घ्यावे आणि झोतात ताशी १८ किलोमीटरचा आकडा दिसू लागला की तो पतंग खाली घेऊन पुन्हा तीनचा जोडावा.